दोरीच्या अलीकडे

आमच्या घरात तीन प्रकारची माणसं होती : डॉक्टर, होणारे डॉक्टर आणि आई. बाबा लहान मुलांचे डॉक्टर. लंडनमधल्या हॅरोला राहणारी त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, बायकांची डॉक्टर. मी होणारी. आई पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे, पण ते लग्नाआधी, आणि आमच्याकडे ‘लग्नाआधी’ हा शब्द ‘इसवी सनापूर्वी’सारखा वापरत. माझं तेव्हा तेरावं संपत आलं होतं. या पुस्तकाच्या प्रकरणांची यादी केली तेव्हा हे प्रकरण मी वर लिहिलं होतं, मग दोनदा खाली ढकललं. आता यादीत उरलेलं तेवढंच आहे, म्हणून लिहिते.

बाबांना नॉरफकच्या किनाऱ्याजवळच्या हॉस्पिटलात कन्सल्टंटची जागा मिळाली आणि आम्ही हॅरो सोडलं. हॅरोत कोपऱ्यावर कढीपत्ता मिळायचा, गणपतीत आरतीला बसायला जागा पुरायची नाही, आणि आईला रस्त्यात थांबवून ‘काय गं, बरी आहेस ना?’ असं विचारणाऱ्या बायका होत्या. नव्या गावात वारा होता. तो खिडक्यांच्या फटींतून रात्रंदिवस एकाच सुरात वाजायचा, आणि त्याच्यावर घरातले आवाज चढायचे : बाबांच्या पेजरचा ब्लीप, आईचा मिक्सर, मध्येच एखादं दार. आमच्याकडे भांडणं होत नसत. दारं लागत. कुठलं दार किती जोरात लागलं यावरून मला सगळं कळायचं. रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांनी एकत्र करायचं असा बाबांचा नियम होता. ते वरणभात हाताने कालवत तेव्हा बघत राहावं असं वाटे. फक्त बोटांची टोकं भाताला लागायची, तळवा कोरडा, शिताचा कण ताटाबाहेर पडायचा नाही. ‘सर्जन व्हायला हवं होतं मी,’ ते म्हणायचे. आई म्हणायची, ‘अजून तूप हवंय?’ एवढंच त्यांचं बोलणं.

आत्या दिवाळी झाली की यायची, चकल्यांचा डबा आणि बेसनाचे लाडू घेऊन. कोट काढायच्या आत ती फ्रीज उघडायची, मग माझी नखं बघायची, मग मला बाजूला घेऊन माझी पाळी नियमित आहे का ते विचारायची, ‘बाजूला’ म्हणजे जिन्याखाली, जिथून सगळ्या घराला ऐकू जायचं. तिच्या अंगाला लॅव्हेंडरच्या पावडरीचा वास असे. मला तो फार आवडायचा. आमच्या घरात मात्र लॅव्हेंडरचं काहीच येत नसे, साबण नाही, मेणबत्ती नाही. आईला त्याने शिंका येतात असं सांगितलं जायचं. मी तिला कधी शिंकताना पाहिलं नाही. आत्या असली की ती मागची खिडकी उघडून ठेवायची, आणि आत्या म्हणायची, ‘शैला, गारठलोय गं आम्ही,’ आणि आई ‘हो का, वन्सं’ म्हणून खिडकी तशीच ठेवायची.

त्या वर्षी आत्याला सील बघायचे होते. तिच्या हॉस्पिटलातल्या कुणीतरी तिला फोटो दाखवले होते. आमच्या गावापासून थोड्याच अंतरावर करड्या सीलचा मोठा कळप हिवाळ्याच्या तोंडाशी वाळूवर येतो आणि तिथेच माद्या वितात. पांढऱ्या केसांची पिल्लं शेवाळाच्या काळ्या रेषेवर विसरलेल्या उशांसारखी पडलेली असतात. रविवारी दुपारी आम्ही निघालो. आईने पोळीचे बटाट्याची भाजी घातलेले रोल फॉइलमध्ये बांधले, थर्मासमध्ये आल्याचा चहा भरला. गाडीत आत्या पुढे, बाबांशेजारी. ती नेहमीच पुढे बसायची, तिला मागे बसलं की मळमळतं म्हणून.

वाळूच्या टेकड्या उतरून गेलं की जाड निळी दोरी बांधलेली होती आणि तिथे बोर्ड होता. साध्या इंग्रजीत लिहिलं होतं : दोरी ओलांडू नका. पिल्लू एकटं दिसलं तरी ते टाकलेलं नसतं, त्याची आई जवळच पाण्यात असते. हात लावू नका, उचलू नका, पाण्यात ढकलू नका. शंका आली तर या नंबरवर फोन करा. मी सगळं मोठ्याने वाचलं. मला बोर्ड मोठ्याने वाचायची सवय होती आणि आहे.

‘बोर्ड पब्लिकसाठी असतात, मिनू,’ बाबा म्हणाले.

या एका वाक्यावर मी पुढे आयुष्याची बरीच वर्षं चिडलेली आहे. गेले कित्येक हिवाळे मी त्याच किनाऱ्यावर स्वयंसेवकाचं पिवळं जाकीट घालून उभी असते, शनिवार-रविवार, आणि बाबांचं वाक्य मला आठवड्याला किमान एकदा कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतं. ‘मला कुत्री सांभाळायची सवय आहे.’ ‘आम्ही दरवर्षी येतो.’ ‘एकच फोटो.’ ‘माझी मुलगी जनावरांची डॉक्टर आहे.’ मी प्रत्येकाला तेच सांगते : कुत्रा पट्ट्याने बांधा, ड्रोन बॅगेत ठेवा, आवाज कमी, दुर्बीण हवी तर माझी घ्या. सीलने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात, मागे व्हा. मी हसून सांगते. हसण्यामागे काय असतं ते त्यांना कळायचं कारण नाही.

दोरीपासून पंधरावीस पावलांवर एक पिल्लू होतं. अगदी नवं. पांढरे केस पिवळट ओले, कातडी अंगाला मोठी झालेली, जणू मोठ्या भावाचा स्वेटर घातलाय. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आज मला ठाऊक आहे की ते सगळ्याच सीलचं वाहतं, त्याचा रडण्याशी संबंध नाही. पण ते ओरडत होतं, आणि ते ओरडणं हुबेहूब तान्ह्या मुलासारखं होतं.

मी बाबांकडे पाहिलं. माझ्या बाबांचा चेहरा मला घरात जेवढा ठाऊक होता, त्याहून वेगळा एक चेहरा मी वॉर्डात पाहिला होता. तो आत्ता आला. ‘ताई,’ ते आत्याला म्हणाले, ‘थरथरतंय बघ.’

‘नाळ ओली आहे अजून,’ आत्या म्हणाली. ‘आज सकाळचंच. वारेचा पत्ता नाही, आईचा पत्ता नाही.’

‘हायपोथर्मिया.’

‘वाऱ्यातून तरी काढायला हवं.’

दोघांनी दोरी ओलांडली. एकाच वेळी, दोघांचाही उजवा पाय आधी, जन्मभर जोडीने राउंड घेतल्यासारखे. आपण दोरी ओलांडतोय हे त्यांना कळलं असेल असंही मला वाटत नाही. त्यांच्यासमोर एक नवजात होतं आणि जगातली कुठलीच दोरी नवजात आणि डॉक्टर यांच्यामध्ये बांधलेली नसते. मी म्हटलं, ‘बाबा, बोर्डवर लिहिलंय.’ आत्या मागे न बघता म्हणाली, ‘गप गं.’

तिने खांद्यावरची शाल काढली, आई-आजीच्या पिढ्यांनी दुपट्यात बाळं गुंडाळली तसं त्या पिल्लाला गुंडाळलं : एक टोक डावीकडून, खालचं वर, दुसरं टोक घट्ट फिरवून पाठीखाली. हातांच्या जागी असलेले पंजे अंगाशी दाबले. ती ते इतकं सुरेख करत होती की मला क्षणभर अभिमान वाटला. बाबांनी गाठोडं उचललं. ‘गाडीत हीटर लावू,’ ते म्हणाले. ‘हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन तरी देता येईल, मग बघू कोण घेतं ते.’

तेवढ्यात मला ती दिसली. पहिल्या लाटेच्या मागे, पाण्याबाहेर काढलेलं काळं डोकं. ती हलत नव्हती. लाट यायची, डोकं खाली जायचं, लाट गेली की तिथेच पुन्हा वर. आईलाही दिसलं असणार, कारण ती दोरीखालून वाकून गेली आणि बाबांच्या वाटेत उभी राहिली. आई वाकली की तिची वेणी पुढे यायची आणि ती मागे टाकायची. त्या दिवशी तिने वेणी मागे टाकली नाही.

‘अहो, खाली ठेवा ते.’

‘शैला, आत्ता नको.’

‘खाली ठेवा.’

‘तू गाडीत जाऊन बस बघू,’ आत्या म्हणाली. ‘वारा बाधेल तुला. चहा घे थोडा.’

‘ती तिथे आहे,’ आई म्हणाली आणि पाण्याकडे हात केला.

आत्याने पाहिलं. ‘ते दुसरं कुठलंतरी असेल. आई असती तर आली असती.’

‘कशी येणार? तुम्ही दोघं मध्ये उभे आहात.’

‘शैला, हे तुझं क्षेत्र नाही.’

‘मीही आले नव्हते, वन्सं,’ आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. ‘तेव्हाही तुम्ही दोघं मध्ये उभे होतात.’

बाबा म्हणाले, ‘मुलीसमोर नको.’

‘मुलीचंच बोलतेय.’

मी काय ऐकते आहे ते मला कळत नव्हतं. आईने ते सांगितलं, माझ्याकडे न बघता, बाबांकडे बघत, आणि सबंध वेळ ‘तुम्ही’च म्हणत. मी झाले तेव्हा ती दिवसभर रडायची, झोपायची नाही. दोघा डॉक्टरांनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या ठरवलं की तिच्याजवळ बाळ ठेवणं बरोबर नाही. आत्या मला तिच्या घरी घेऊन गेली, थोडे दिवस म्हणून. मी बसायला लागले तोवर ते थोडे दिवस चालले. ‘मला कुणी विचारलं नाही,’ आई म्हणाली. ‘मी वरच्या खोलीत जागी होते. मला गाडी सुरू झालेली ऐकू आली.’

आमच्या अल्बममध्ये माझे पहिले फोटो सगळे आत्याच्या सोफ्यावरचे आहेत. मला वाटायचं, आम्ही सारखे तिच्याकडे जात असू. एकाही फोटोत आई नाही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, आणि मी तर लक्ष ठेवणारी.

‘तू आजारी होतीस,’ आत्या म्हणाली. ‘तुझ्यासाठीच केलं. आजही तेच केलं असतं.’

‘दिसतंय,’ आई म्हणाली.

बाबांनी गाठोडं एका हातावर घेऊन दुसरा हात आईला बाजूला सारायला पुढे केला, आणि पिल्लाची मान शालीतून सुटली. तान्हं असलं तरी त्याला दात होते. ते बाबांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला लागले आणि लगेच सुटले नाहीत. बाबा गुडघ्यावर बसले आणि गाठोडं वाळूवर ठेवलं, किंवा सोडलं. आईने शालीचं एक टोक चिमटीत धरून ती ओढून काढली, पिल्लाला बोट लागू न देता, आणि मागे मागे चालत दोरीच्या अलीकडे आली. ‘चला,’ ती म्हणाली. ‘सगळे मागे.’ आणि सगळे मागे आले. आमच्या घरात आईच्या सांगण्यावरून सगळे कुठेतरी गेल्याचा तो पहिला प्रसंग.

बाबा आणि आत्या गाडीत जाऊन बसले. आई आणि मी टेकडीच्या उतारावर गवतात पालथ्या पडून राहिलो. वारा समुद्राकडून आमच्याकडे होता, तेवढं तरी बरं होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग डोकं जवळ आलं, आणि ती वाळूवर आली, पोटावर फरपटत, थांबत, धापा टाकत. पाण्यात इतकं हलकं असलेलं अंग जमिनीवर इतकं जड असू शकतं हे मी तेव्हा पाहिलं. पिल्लू तिच्याकडे तोंड करून ओरडत होतं. तिने त्याला हुंगलं. नाकापासून शेपटीपर्यंत, मग पुन्हा नाकापाशी. मग तिने दात दाखवून फिस्स केलं, पंज्याने त्याला बाजूला ढकललं आणि ती वळली. पाण्याशी थांबली. परत आली. पुन्हा हुंगलं. पुन्हा वळली.

‘तिला कळत नाहीये का ते तिचंच आहे?’ मी विचारलं.

आईच्या हातात आत्याची शाल होती. तिने ती माझ्या नाकाजवळ धरली. लॅव्हेंडर.

‘तुला परत आणलं,’ ती म्हणाली, ‘तेव्हा तुझ्या अंगाला हा वास होता. केसांना, मानेला, सगळीकडे. मी तुला घेतलं नाही.’

‘मग?’

‘तू रडत राहिलीस. मग रडायची थांबलीस.’ तिने शाल गुंडाळून बाजूला ठेवली. ‘मग घेतलं.’

अंधारायला लागलं तेव्हा आम्ही उठलो. पिल्लू अजून ओरडत होतं आणि ती पाण्याच्या रेषेपाशी पडून होती, पाठ करून.

दुसऱ्या दिवशी मला शाळेतून घेऊन आई बसने परस्पर तिथे गेली. माद्या पुष्कळ होत्या, त्या पिल्लाजवळ कुणी नव्हती. त्याचा आवाज बारीक झाला होता. आईने बोर्डवरचा नंबर माझ्या वहीवर उतरवून घेतला आणि पार्किंगमधल्या फोनच्या बूथमधून फोन केला. तिला फोनवर इंग्रजी बोलायला आवडत नसे. तिने सगळं सांगितलं : कुणी उचललं, कशात गुंडाळलं, बाबांचं नाव, आत्याचं नाव, हुद्द्यांसकट. दोन माणसं आली आणि पिल्लाला घेऊन गेली. नंतर तिने पुन्हा फोन केला तेव्हा ते मेलं असं कळलं. त्या रात्री आमच्याकडे दार लागलं नाही. बाबा स्वयंपाकघरात उभं राहून म्हणाले, ‘नाव कशाला सांगितलंस? मी इथे कन्सल्टंट आहे.’

‘तेही सांगितलं,’ आई म्हणाली आणि मिक्सर सुरू केला.

बोटाचं मात्र बाबांनी कुणाला सांगितलं नाही. सील चावला, आणि कसा चावला, हे हॉस्पिटलात सांगणं त्यांच्याने झालं नाही. त्यांनी कपाटातल्या गोळ्या स्वतःच सुरू केल्या. त्या चावण्याला वेगळं औषध लागतं, आणि चावला कोण हे सांगितलं असतं तर कुणीतरी ते लिहून दिलं असतं. गाडीच्या दारात बोट सापडलं असं ते म्हणत राहिले. बोट सुजलं, लाल झालं, मग सूज उतरली आणि सांधा आखडून बसला. तेव्हापासून ते बोट वाकत नाही. ते सरळ राहतं, कायम कुणाला काहीतरी दाखवत असल्यासारखं. बाबा चमच्याने जेवू लागले. वरणभाताच्या ताटात चमचा वाजायचा तो आवाज आमच्या घरात नवा होता. आईने तुपाचं विचारणं बंद केलं. तूप टेबलावर असायचं.

आत्या पुढच्या दिवाळीत आली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. लाडू पोस्टाने यायचे, आई ते शेजाऱ्यांना द्यायची. मी डॉक्टर झाले नाही. जेवताना सांगून टाकलं, बाबांनी चमचा खाली ठेवला आणि उचलला, एवढंच. मी आता एका कौन्सिलसाठी कचऱ्याच्या गाड्यांचे मार्ग ठरवते, आणि मला ते काम आवडतं. लोक मला विचारतात की इतक्या वर्षांनी आईवडिलांना माफ केलंस का. आईने काही केलंच नव्हतं. आत्या गेली तेव्हा मी हॅरोला गेले, तिच्या बाथरूममध्ये पावडरीचा डबा अर्धा भरलेला होता. मी तो बंद करून तसाच ठेवला. मला तो वास अजून आवडतो आणि त्याबद्दल मी कुणावर चिडावं ते मला ठरवता आलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबा किनाऱ्यावर आले. आता त्यांना काठी लागते. आई दर रविवारी माझ्याबरोबर असते, घडीच्या खुर्चीवर, दुर्बीण गळ्यात, थर्मास पायाशी. ते कधी येत नसत. त्या दिवशी टॅक्सीने एकटेच आले आणि वाळूवरून हळूहळू दोरीपर्यंत आले. दोरीपलीकडे एक पिल्लू होतं, पांढरं, गुबगुबीत, एकटं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी दोरीवर टेकवून दोरी खाली दाबली.

‘मागे राहा, बाबा,’ मी म्हटलं. बाकीच्यांना सांगते त्याच आवाजात, पण हसले नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जाकिटाकडे पाहिलं. ‘अगं, मी आहे.’

‘म्हणूनच सांगतेय.’

आजूबाजूला माणसं होती. एका बाईने आपल्या मुलाचा हात धरून त्याला मागे ओढलं, जणू मी त्यालाच बोलले. बाबांनी काठी उचलली. दोरी उसळून जागेवर आली आणि हलत राहिली. त्यांनी पिल्लाकडे बोट करून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, किंवा बोट केलंच नसेल, ते तसंच असतं. आई खुर्चीतून उठली नाही. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पाण्यावर शोधत राहिली.

‘तिथे आहे,’ ती म्हणाली. ‘बघतेय आपल्याकडे. अजून मागे या, अहो.’

बाबा मागे आले.